चादरीचं दुसरं टोक

ताईला हक्काने ताई म्हणणारं माणूस जगात एकच होतं, पण सगळी गल्लीच तिला ताई म्हणायची. तिच्याहून वयाने चांगला मोठा असलेला कोपऱ्यावरचा चावीवालाही ताईच म्हणायचा. तिने कधी कुणाला हटकलं नाही. साठीला टेकलेली, अंगाने काटक, बोलायला मोजकी अशी ही बाई. कुणाकडे काही मागायची वेळ आली की तिच्या अगदी जिवावर यायचं. साखर संपली तर शेजारी वाटी घेऊन जाण्याऐवजी ती बिनसाखरेचा चहा प्यायची आणि वर 'हल्ली गोड नकोसंच वाटतं' असं स्वतःलाच पटवायची. कुणाचं मिंधं राहायचं नाही, हे तिच्या आईने तिच्यात अगदी मुरवलं होतं. आईने आणखीही बरंच मुरवलं होतं, आणि त्यातलं निम्मंअधिक अंथरुणाबद्दल होतं.

त्या घरात सकाळी उठल्या उठल्या पलंग आवरायचा नाही असा नियम होता. बाहेरच्यांना हे ऐकून नवल वाटे. आधी पांघरुणं पायथ्याशी लोटायची, उशा भिंतीला उभ्या करायच्या, खिडकी उघडायची आणि चहा होईपर्यंत गादीला वारा खाऊ द्यायचा. रात्रभर माणसाच्या अंगाखाली दबलेली असते बिचारी, असं आई म्हणे, आणि हे ती गादीबद्दल जितक्या मायेने बोले तितक्या मायेने मुलींबद्दल बोलल्याचं दोघींपैकी एकीलाही आठवत नव्हतं. मग चादर झटकायची, उशाकडून ताणत पायथ्याकडे न्यायची आणि कोपरे आत खोचायचे. चादरीच्या पायाकडच्या काठाला आईने लाल दोऱ्याचे चार टाके घालून ठेवले होते. पायाकडचं कधी तोंडाकडे येता कामा नये. चुकून आलंच तर सगळा पलंग पुन्हा घालायचा, मग शाळेला उशीर होवो नाहीतर कामाला.

रविवार हा धुण्याचा दिवस. अभ्रे उलटे करून वेगळे भिजवायचे, चादरी वेगळ्या. पलंग मोठा, आईच्या वेळचा. एकेकाळी त्यावर तिघी झोपायच्या, म्हणून चादरही तशीच मोठी. ओली झाली की ती रेड्यासारखी जड व्हायची. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. वाळल्यावरही तेच. दोघींनी दोन-दोन कोपरे धरून गच्चीच्या दोन बाजूंना उभं राहायचं, एक झटका द्यायचा, ज्या बाजूवर झोपायचं ती आत येईल अशी लांबीत घडी घालायची, पुन्हा एकदा लांबीत, आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. धाकटीने आपले कोपरे थोरलीच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची घडी उचलायची. हे त्यांना बोलावं लागत नसे. गेल्या महिन्यात कोण काय म्हणालं, कोणाचा पगार अडला, असल्या गप्पा मारत चादरीची घडी व्हायची.

धाकटी म्हणजे बेबी. पन्नाशी उलटून गेली तरी बेबीच. टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, आणि तिच्याहून निम्म्या वयाचे लोक पार्सलं पुढे सरकवत 'मॅडम' म्हणायचे. संध्याकाळी घरी आली की पुन्हा बेबी. दोघींची लग्नं राहून गेली होती. ताईचं आईच्या आजारपणात राहिलं आणि बेबीचं ताईच्या राहण्यात राहिलं. आई गेल्यावर पलंगावर दोघीच उरल्या. बेबी भिंतीकडे, ताई खिडकीकडे. यापुढे आता काही बदलायचं नाही असं ताईने धरूनच ठेवलं होतं, आणि धरून ठेवलेल्या गोष्टींबद्दल कुणाशी बोलायचं नसतं, असाही तिचा समज होता.

मग बेबीला जवळचं दिसेनासं झालं. ती चष्मा करायला गेली आणि नवरा घेऊन आली. ताई हे असंच सांगायची, तोंडावर हसू न आणता. चष्मेवाले बायको वारलेले, सज्जन, हळू बोलणारे. चष्म्याची काडी सैल आहे, नाकावर बसत नाही, अशी कारणं काढून बेबी त्यांच्या दुकानात इतक्यांदा गेली की एवढ्यात दुसरं कुणी असतं तर चष्मे करायला शिकलं असतं. शेवटी एक दिवस तिने पलंग घालता घालता ताईला सांगितलं. ताईच्या हातात उशी होती. तिने ती अभ्र्यात पूर्ण सरकवली, कोपरे नीट बसवले, आणि म्हणाली, "चांगला माणूस आहे. कर." सह्या करायच्या दिवशी साक्षीदार म्हणून पहिली सही तिनेच ठोकली.

त्यानंतर ताईचा दिवस तसाच सुरू राहिला. गादी-उशांच्या एका दुकानात ती मागच्या खोलीत मशीनवर बसून अभ्रे आणि गादीची कव्हरं शिवायची. शिवाय रोज सकाळी दुकानाच्या काचेमागचा पलंग घालायचं काम तिच्याकडे होतं. त्या पलंगावर रात्री कुणी झोपत नसे, पण दिवसभर गिऱ्हाइकं त्यावर आडवी होऊन बघत. नवी लग्नं झालेली जोडपी तर बूट काढून चक्क शेजारी शेजारी पडत आणि छताकडे बघत भांडत. 'मी खिडकीकडे.' 'नाही हं, खिडकीकडे मी.' ती उठून गेली की ताई येऊन चादर सरळ करायची, उशा थोपटायची. मालक म्हणायचे, "ताई, तुमच्या हातची चादर बघून माणसाला झोप येते हो. विक्री कुठली व्हायला?" ताई एवढ्यावर खूश असे. पण हल्ली त्या दोन उशांमधली एक बसवताना तिचा हात रेंगाळायचा, आणि मग स्वतःवरच चिडून ती उशीला जरा जोरातच थोपटायची.

घरी दोन उशा होत्या. ताईने दुसरी काढून ठेवली नाही. चादरही तीच, मोठी. एकटीसाठी एवढी चादर कशाला भिजवायची, असा विचार तिच्या मनात येऊन गेला नाही असं नाही. पण छोटी चादर विकत घ्यायची म्हणजे बेबी गेली हे मान्य करायचं. सही ठोकली होती ती वेगळी गोष्ट. पलंगावर छोटी चादर घालणं ही वेगळी गोष्ट.

मग रविवारी काय व्हायचं ते ताईलाच ठाऊक. पिळताना तिने एक टोक नळाला गुंडाळून पाहिलं, तर नळच सैल झाला. घडीसाठी तिने दोन कोपरे कपाटाच्या दारात अडकवून दार घट्ट लावलं. चादर ताणली, अर्धी घडी झाली, आणि बिजागरीचं तेल पांढऱ्या काठाला लागलं. पुन्हा धुवा. गच्चीच्या कठड्यावर टाकून पाहिली, तर वाऱ्याने पलीकडच्यांच्या पाण्याच्या टाकीवर गेली. शेवटी पलंगावरच पसरून, या बाजूने त्या बाजूला फेऱ्या मारत ती घडी घालू लागली. आई असती तर आळशीपणा म्हणाली असती. त्या घडीचं पोट फुगायचं. कपाटात ठेवली की वरचे टॉवेल कलंडायचे.

खालच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांनी हे एकदा गच्चीवर पाहिलं.

"ताई, एक टोक धरू का?"

"नको नको, झालंच माझं," ताई म्हणाली. काही झालेलं नव्हतं. चादर तिच्या गळ्याभोवती होती.

बाई हसल्या आणि खाली गेल्या. त्यांनी पुन्हा विचारावं असं ताईला फार वाटलं. पण एकदा नको म्हटल्यावर कोण दुसऱ्यांदा विचारतं?

बेबी यायची नाही असं नाही. महिन्यातून एकदा दोघं यायची. पण चष्मेवाले बरोबर असले की बेबी खुर्चीवर बसायची. इतकी वर्षं जी बाई आल्याबरोबर पलंगावर पाय पसरून बसायची ती खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन. ताई चहा करायची, चष्मेवाले 'फक्कड' म्हणायचे, आणि सगळं कसं रीतसर व्हायचं. ते गेल्यावर ताई तीन कप विसळायची आणि तिला वाटायचं, आपल्याकडे आज पाहुणे येऊन गेले.

म्हणून तिने ठरवलं. आयुष्यात कुणाकडे शब्द टाकला नव्हता, तो आता टाकायचा. बेबीला म्हणायचं, दर रविवारी ये. तासभर ये. बाकी काही नको. आठवडाभर अभ्रे शिवता शिवता ती हे वाक्य मनात घोळवत होती. मशीन चालू असलं की ते फार सोपं वाटायचं आणि मशीन थांबलं की अंगावर यायचं. योगही जुळून आला. चष्मेवाले कुठे तरी काचा आणायला गेले होते, आणि बेबी म्हणाली, या रविवारी मी एकटीच येते.

त्या रविवारी ताईने चादर दोरीवरून काढली नाही. सकाळी धुतलेली, दुपारपर्यंत कडकडीत वाळलेली, तरी तशीच ठेवली. बेबी आली, चहा झाला. यावेळी ती पलंगावरच बसली, आणि ताईला इतकं बरं वाटलं की ती काही कारण नसताना दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आली.

"चल, वर चादर आहे ती घेऊन येऊ," ताई म्हणाली.

दोघी गच्चीवर गेल्या. बेबीने न सांगता पलीकडचे दोन कोपरे धरले. ताई म्हणाली, "हं," आणि दोघींनी झटका दिला. चादर फटकन वाजली. बाई गं, त्या आवाजाने ताईच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. आता घडी. ताईने डावा हात वरून उजव्याकडे नेला. आणि पलीकडे बेबीने उजवा खालून डावीकडे नेला. मधोमध चादरीला पीळ पडला.

दोघी थांबल्या.

"अशी नाही का?" बेबी म्हणाली.

"आपली अशी," ताई म्हणाली आणि पुन्हा करून दाखवलं.

"हो की!" बेबी खळखळून हसली. "अगं, आमच्याकडे उलटी घालतात. झोपायची बाजू वर. ह्यांचं म्हणणं, अंथरताना बरं पडतं. हाताला तीच सवय झाली बघ." तिने सरळ केली, पण पुढच्या घडीला पुन्हा तिचा हात उलटाच गेला, आणि ती पुन्हा हसली. तिसऱ्यांदा मात्र तिने ताईच्या हातांकडे बघत बघत, दुसऱ्या कुणाच्या घरात वागावं तशी जपून घडी घातली. चालत आली, कोपरे ताईच्या हातात दिले, वाकून खालची घडी उचलली. चादर नीट झाली. पण इतक्या वर्षांत ताईला पहिल्यांदाच सूचना द्याव्या लागल्या होत्या.

हीच वेळ होती. ताईने घडी छातीशी धरली. दर रविवारी ये, एवढंच तर म्हणायचं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "ही चादर एकटीला आवरत नाही गं."

"अगं मग!" बेबी लगेच म्हणाली. "एवढा डोलारा हवाय कशाला तुला? हात किती दुखत असतील."

"दुखतात तसे."

"सांगायचं नाहीस का आधी? तू पण ना ताई. बघतेच मी काय करायचं ते."

ताईला वाटलं, कळलं हिला. न बोलता कळलं, आधी कळायचं तसंच. संध्याकाळ व्हायच्या आत बेबी निघाली, तरी ताईला त्याचं फार वाईट वाटलं नाही. तिने त्या दिवशी दोन्ही उशांचे अभ्रे बदलले. पुढच्या रविवारी बेबी येणार म्हणून सोमवारपासूनच तिचं मन हलकं होतं. मालकांनीही विचारलं, "काय ताई, आज मशीन गाणं म्हणतंय?"

शुक्रवारी चष्मेवाले दुकानात आले. ताईला त्यांना गिऱ्हाइकांत बघून क्षणभर कळेचना हे कोण. त्यांच्या हातात पिशवी होती.

"हिने पाठवलंय तुमच्यासाठी. तीन दुकानं फिरली, पण खास निवडून घेतलं. मी म्हटलं, अगं, ताई तर गाद्यांच्याच दुकानात असतात, त्यांना काय चादर द्यायची! पण ऐकते थोडीच." ते संकोचून हसले. "सिंगल आहेत. चारी बाजूंनी इलॅस्टिक. खोचायला नको, घडीसुद्धा नको, नुसती गुंडाळून ठेवली तरी चालते. आता म्हणे ताईला कुणाची गरज लागायची नाही."

ताईने पिशवी घेतली. "फार छान," ती म्हणाली. चष्मेवाले गेले. तिने सवयीने शिवण उलटून पाहिली. इलॅस्टिक नुसतं टाचलेलं होतं, चार धुण्यांत सुटलं असतं. पण कापड चांगलं होतं, मऊ, फिक्या निळ्या रंगाचं. बेबीने खरंच मनापासून घेतलं होतं, आणि हेच ताईला सोसवेना. वाईट मनाने दिलं असतं तर भांडता आलं असतं.

शनिवारी तिने मोठी चादर काढली आणि त्यातली एक घालून पाहिली. न घालता ठेवली असती तर बेबीचा अपमान झाला असता. खिडकीकडचे दोन कोपरे बसले. दुसऱ्या बाजूचे कोपरे अडकवायला काही नव्हतंच. तिने ओढली तर अडकवलेले कोपरे फटकन निसटले आणि चादर पलंगाच्या मध्यावर येऊन गोळा झाली. तिने पुन्हा बसवली. पुन्हा गोळा. शेवटी तिने फक्त आपल्या बाजूला पसरली आणि मागे सरून पाहिलं. अर्ध्या पलंगावर निळी चादर आणि भिंतीकडच्या अर्ध्यावर गादीचं उघडं कापड. आई आजारी असतानासुद्धा या घरात गादी अशी उघडी पडली नव्हती.

ताई त्या उघड्या बाजूवर बसली. मग तिने फोन उचलला.

"मिळाल्या?" बेबीने उत्साहाने विचारलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "रंग आवडला का? हे म्हणत होते पांढरीच घे, मी म्हटलं नाही. बसल्या ना नीट?"

'बसल्या, छान आहेत' हे ताईच्या ओठांवर आलं होतं. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती.

"नाही बसल्या," ताई म्हणाली.

"अगं बाई. माप चुकलं वाटतं. पावती आहे माझ्याकडे, बदलून आणते."

"बदलू नकोस. तू ये."

"कुठे?"

"इथे. रविवारी. दर रविवारी."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "चादरीसाठी?" बेबीने विचारलं. "ताई, अगं त्यापेक्षा त्या खालच्या बाईंना—"

"चादरीचं राहू दे गं. चादरीची घडी मी पलंगावर घालते, काही अडत नाही. उलटी घाल, सुलटी घाल, नाहीतर घालूच नकोस. नुसती येऊन बस. मला करमत नाही."

इतकं सलग बोलायची ताईला सवय नव्हती. तिचा श्वास वर आला होता. मग हळूच, सावरून, बेबी म्हणाली, "बरं, बघते हं ताई. ह्यांना विचारून बघते."

दुकानात गिऱ्हाईक 'बघते' म्हणून पलंगावरून उठलं की ताई चादर सरळ करायला घ्यायची. ते परत येत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे.

"बघू नकोस, बेबी," ती म्हणाली. "ये."

तिने नाक ओढलं, ते पलीकडेही ऐकू गेलं.

"ताई," बेबीने विचारलं, "तू रडतेयस का?"

ताईने पदराने नाक पुसलं.

"हो," ती म्हणाली.